वजन केव्हा हलवायचे? गोल्फ स्विंगमधील पायांच्या कामाची पायरीपायरीने दुरुस्ती

गोल्फ शिकायला लागल्यावर थोड्याच दिवसांत प्रत्येकाच्या कानावर एक सल्ला पडतो, तो म्हणजे वजन डावीकडे आणा. सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे. वजन कुठे न्यायचे हे त्यात सांगितलेले असते, केव्हा न्यायचे हे नसते, आणि नवशिक्याची चूक बहुतेक वेळा तिथेच होते. क्लब (चेंडू मारायची काठी) चेंडूवर येईपर्यंत वजन उजव्या पायावरच रेंगाळणे आणि ते डावीकडे आणण्याच्या घाईत छाती व डोके चेंडूच्या पुढे झोकणे या दोन चुका वरवर एकमेकींच्या उलट दिसतात. तरीही दोन्हींचे मूळ बहुधा एकच असते. वजन उजवीकडे उशिरा गेलेले असते, म्हणून त्याला परत यायलाही उशीर होतो. पुढील विवेचन मुख्यतः नागपूर परिसरातल्या, उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी उजवे-डावे उलट करून वाचावे.

आधी स्विंगला, म्हणजे क्लब फिरवून चेंडू मारण्याच्या हालचालीला, लागणारा वेळ लक्षात घ्यावा. कसलेल्या व्यावसायिक खेळाडूचा बॅकस्विंग (क्लब मागे-वर नेणे) साधारण पाऊण सेकंदाचा असतो आणि डाउनस्विंग (तो खाली चेंडूवर आणणे) त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे पाव सेकंदाचा. एवढ्या अवधीत ‘आता वजन डावीकडे’ असा विचार करून तो पायांपर्यंत पोहोचवणे कोणालाही जमणारे नाही. म्हणूनच डावीकडचा प्रवास क्लब शिखरावर, म्हणजे बॅकस्विंगच्या शेवटच्या टोकाला, पोहोचण्यापूर्वी, हात अजून मागे जात असतानाच सुरू व्हावा लागतो, आणि तो तेव्हा सुरू व्हायचा तर उजवीकडचा प्रवास त्याआधीच उरकलेला असला पाहिजे. पायांखाली दाब मोजणारी साधने ठेवून केलेल्या मोजणीतही चांगल्या खेळाडूंचे चित्र असेच दिसते. बॅकस्विंगमध्ये डावा हात जमिनीला समांतर येतो, त्या सुमारास उजव्या पायाखालचा दाब सर्वाधिक असतो. क्लब शिखरावर असताना तो परतीच्या वाटेला लागलेला असतो. आणि क्लब चेंडूला भिडतो तेव्हा दाबाचा मोठा भाग डाव्या पायाखाली असतो. नवशिक्याचा उजवा पाय मात्र नेमका शिखरावर सर्वांत जास्त भरलेला असतो. तिथून पाव सेकंदात सगळे परत आणणे अशक्य असल्याने तो हातांनी वेळ मारून नेतो, आणि मग चेंडूचा वरचा भाग घासला जातो, क्लब चेंडूआधी जमिनीत रुततो किंवा चेंडू उजवीकडे वळत जातो.

येथे आणखी एक भेद करणे आवश्यक आहे. आपण सवयीने ‘वजन’ म्हणतो, परंतु शरीराचा मध्य फार सरकत नाही. कंबर काही सेंटिमीटर इकडे-तिकडे होते आणि डोके जवळजवळ जागेवर असते. बदलतो तो पायांखालचा दाब. पाय जमिनीला ढकलतात आणि जमीन तितक्याच जोराने उलट ढकलते. हा भेद ध्यानात न घेतल्यास शिकणारा अख्खे शरीर झुलवू लागतो, आणि ती खोड एकदा लागली की काढायला फार वेळ जातो.

निदान

दुरुस्तीपूर्वी आपला दोष कोणता आहे हे पाहावे. त्यासाठी मोबाइलचा स्लो मोशन पुरेसा आहे. मोबाइल कंबरेच्या उंचीवर, छातीसमोर तीन-चार मीटरवर ठेवावा आणि सात नंबरच्या आयर्नचे (मध्यम लांबीच्या, लोखंडी तोंडाच्या क्लबचे) मोजके स्विंग टिपावेत. चित्रफीत पाहताना क्लबकडे लक्ष देऊ नये, बेल्टचे बक्कल आणि दोन्ही गुडघे पाहावेत. बॅकस्विंगमध्ये उजवे नितंब उजव्या बुटाच्या बाहेरच्या कडेपलीकडे जात असेल, तर शरीर वळण्याऐवजी घसरत आहे. शिखरावर डोके आणि छाती लक्ष्याच्या बाजूला कललेली दिसत असतील, तर वजन उजवीकडे गेलेलेच नाही आणि डाउनस्विंगमध्ये ते उलट मागे पडणार. क्लब खाली निघाल्यानंतरच बक्कल डावीकडे सरकत असेल, तर दोष निव्वळ उशिराचा आहे. सर्वाधिक आढळणारा दोष हाच, आणि तो सुधारायलाही त्यातल्या त्यात सोपा.

दुसरी चाचणी जमिनीवर करायची. चुन्याची किंवा रांगोळीची एक सरळ रेघ लक्ष्याच्या दिशेला काटकोनात ओढावी, ती दोन्ही पायांच्या मधोमध येईल असे उभे राहावे आणि चेंडू न ठेवता स्विंग करावा. मातीवर उमटणारी खूण रेघेवर किंवा तिच्या डावीकडे, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला सुरू झाली पाहिजे. ती वारंवार रेघेच्या उजवीकडे उमटत असेल, तर चेंडू कसाही गेलेला असो, वजन वेळेवर पोहोचलेले नाही असे समजावे. ही चाचणी रेंजवरच्या, म्हणजे सरावाच्या मैदानावरच्या, मॅटवर करण्यात अर्थ नाही. मॅटवर क्लब चेंडूच्या आधी आपटला तरी तो घसरून चेंडूपर्यंत जातो, आवाजही बरा येतो, आणि माणूस खूश होऊन घरी जातो.

नागपूरच्या काळ्या मातीत यासाठी ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वांत सोयीचे असतात, कारण तेव्हा माती खूण धरण्याइतकी मऊ असते आणि क्लबला चिकटत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की हीच जमीन भेगाळून दगडासारखी होते. त्या काळात तिच्यावर आयर्न आपटून मनगट दुखवून घेण्यापेक्षा गवताचा पाणी दिलेला तुकडा शोधावा किंवा पुढे सांगितलेला बिनचेंडूचा सराव करावा.

उभे राहण्याची पद्धत

सात नंबरच्या आयर्नसाठी दोन्ही टाचांमधील अंतर साधारण खांद्यांच्या रुंदीइतके असावे. पाय फार रुंद टाकले की वजन एका पायावरून दुसऱ्यावर जायलाच वेळ लागतो. नवशिक्याला मात्र रुंद पायांत भक्कम वाटते, म्हणून तो तसा उभा राहतो. वजन दोन्ही पायांवर जवळजवळ समसमान आणि तळपायाच्या मध्यावर असावे. घरी वजनकाटे दोन असतील, तर एकेका पायाखाली एकेक ठेवून हे पाहता येते. पण ते फक्त स्थिर उभे राहून पाहावे, काट्यावर स्विंग करू नये. डाव्या पायाचा चवडा लक्ष्याकडे वीस-तीस अंश उघडा ठेवावा. त्यामुळे शेवटी डाव्या गुडघ्यावर येणारा पीळ कमी होतो. ज्यांना गुडघ्याची जुनी तक्रार आहे त्यांनी हे टाळू नये, आणि पुढचे सराव सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

पहिली पायरी: उजवीकडे लवकर

क्लब मागे नेण्यास सुरुवात होते त्याच क्षणी डाव्या तळव्याने जमीन हलकेच ढकलून दाब उजव्या पायाच्या आतल्या बाजूला, टाचेकडे जाऊ द्यावा. उजव्या बुटाच्या बाहेरच्या कडेवर भार जाणवला, तर आपण घसरलो असे समजावे. हे टाळण्यासाठी उजव्या बुटाच्या बाहेरच्या कडेखाली लाकडाची लहान पाचर किंवा जुना चेंडू अडकवून सावकाश स्विंग करावेत. पाय बाहेर कलंडू शकत नाही आणि कंबरेला वळण्यावाचून गत्यंतर उरत नाही. डावा हात जमिनीला समांतर आला की थांबावे आणि डावी टाच बोटभर उचलून पाहावी. ती तोल न जाता सहज उचलता आली, तर दाब वेळेवर उजवीकडे पोहोचला आहे.

उजव्या गुडघ्याविषयी दोन मते ऐकू येतात. तो सुरुवातीला जितका वाकलेला असतो तितकाच शेवटपर्यंत ठेवावा असे जुन्या पद्धतीचे प्रशिक्षक सांगतात; अलीकडचे अनेक प्रशिक्षक तो थोडा सरळ होऊ देतात, जेणेकरून कंबर मोकळी वळेल. माझ्या मते दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाने दुसरे मत स्वीकारावे. गुडघा पूर्ण ताठ मात्र होऊ देऊ नये. त्याचप्रमाणे कंबर वळताना डावी टाच आपोआप उचलली गेली, तर ती दाबून धरू नये. १९६२ ते १९८६ या काळात अठरा मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मानाच्या, स्पर्धा जिंकणाऱ्या जॅक निकलसची डावी टाच बॅकस्विंगमध्ये स्पष्टपणे उचललेली दिसते आणि ती जमिनीवर परत टेकण्यापासूनच त्याचा डाउनस्विंग सुरू होतो. टाच वळण्यामुळे उचलली जावी, मुद्दाम उचलू नये, एवढेच पथ्य पाळायचे.

दुसरी पायरी: हात मागे जात असतानाच डावीकडे

हा सगळ्या दुरुस्तीचा गाभा आहे आणि नागपूरच्या शिकणाऱ्याला तो समजावून सांगणे तुलनेने सोपे जाते, कारण त्याने गोल्फच्या आधी बहुधा क्रिकेट खेळलेले असते. रणजी करंडक तीनदा जिंकणाऱ्या विदर्भात कव्हर ड्राइव्ह कसा मारतात हे कोणाला सांगावे लागत नाही. बॅट मागे उचललेली असतानाच पुढचा पाय पडतो, भार त्यावर येतो आणि मगच बॅट खाली येते. बॅट आधी आणि पाय नंतर असा फटका मारणाऱ्याला गल्लीतली पोरेही हसतात. गोल्फमध्ये क्रम हाच आहे, फक्त पाय उचलून पुढे टाकायचा नसून जागेवरच दाबायचा आहे.

मात्र क्रिकेटमधून येणाऱ्या दोन सवयी इथे नडतात. पहिली म्हणजे डोके चेंडूवर नेण्याची. फलंदाजाला ती आवश्यक असते, कारण चेंडू त्याच्याकडे येत असतो. गोल्फचा चेंडू स्थिर असतो, आणि डोके पुढे गेले की छातीही जाते व क्लब चेंडूवर वरून खाली कोयत्यासारखा पडतो. दुसरी सवय पुलची. ज्यांचा आवडता फटका मागच्या पायावरचा पुल होता, त्यांचे वजन गोल्फमध्येही उजवीकडेच राहते आणि छाती लवकर उघडते. अशा माणसाने पुढील सराव इतरांपेक्षा जास्त दिवस करावा.

सरावाची कृती अशी. दोन्ही पाय जुळवून उभे राहावे, क्लब सावकाश मागे न्यावा, आणि डावा हात समांतर रेषेच्या जरा वर जात असतानाच डावा पाय लक्ष्याच्या दिशेने सरळ एक लहान पाऊल टाकून टेकवावा. पाय टेकत असताना क्लब अजून मागेच जात असला पाहिजे. सुरुवातीला हे विचित्र वाटते. हात आणि पाय दोन विरुद्ध दिशांना निघाल्यामुळे पोटाच्या बाजूला किंचित ताण जाणवतो. तोच ताण हवा आहे. पाय टेकल्यावर क्लब आपसूक खाली येतो, तो ओढावा लागत नाही. बहुतेकांची चूक अशी होते की क्लब शिखरावर नेऊन ते थांबतात, मग पाऊल टाकतात आणि मग फटका मारतात. अशाने पायऱ्या तीन पडतात आणि साध्य काही होत नाही. अडचण आल्यास बॅकस्विंग कमी करावा, पाऊल लवकर टाकावे.

हा सराव आधी चेंडूशिवाय, मग टीवर (चेंडू उंच ठेवायच्या छोट्या खुंटीवर) ठेवलेल्या चेंडूने आणि तोही निम्म्या वेगाने करावा. काही दिवसांनी पाय न जुळवता नेहमीच्या अंतरावर उभे राहून, पाऊल न उचलता, फक्त डाव्या तळव्याचा पुढचा भाग त्याच क्षणी जमिनीत दाबावा. कंबर दोन-चार बोटे लक्ष्याकडे सरकेल. पाठ मात्र अजून लक्ष्याकडेच असली पाहिजे. कंबर आणि खांदे एकदमच उघडू लागले, तर ते वजन हलवणे नव्हे, नुसती घाई आहे.

रोज मैदानावर जाणे प्रत्येकाला शक्य नसते. आपल्याकडची अनेक मैदाने लष्करी वसाहतींत आहेत आणि तिथल्या प्रवेशाला मर्यादा असतात. गच्चीवर करण्याजोगा एक उपाय त्यासाठी सांगतो. उन्हाळ्यात दुचाकीवर डोक्याला बांधायचा सुती दुपट्टा घ्यावा, त्याच्या टोकाला घट्ट गाठ मारावी आणि दुसरे टोक क्लबसारखे दोन्ही हातांत धरून स्विंग करावा. हात घाईने ओढले, तर दुपट्टा शिखरावरच ढिला पडून गाठ खांद्यावर आपटते. डाव्या पायावर दाब आधी आला, तर तो ताणलेला राहतो आणि हवेत ‘सुर्रर्र’ असा आवाज करतो. हा आवाज उजव्या गुडघ्यापाशी आला तर वेग आधीच खर्ची पडला. चेंडूच्या जागेच्या पुढे, डाव्या पायासमोर आला तर क्रम बरोबर आहे. कान हा या बाबतीत डोळ्यापेक्षा प्रामाणिक शिक्षक आहे, शिवाय गच्चीच्या काचांनाही धोका नाही.

तिसरी पायरी: डावा पाय सरळ होणे

डाव्या पायावर दाब आल्यानंतर तो पाय नुसता वाकून भार झेलत राहिला, तर कंबर लक्ष्याकडे घसरतच जाते आणि चेंडू उजवीकडे ढकलला जातो. डाउनस्विंगमध्ये डावा हात जमिनीला समांतर येतो त्या सुमारास डाव्या पायाने जमीन खाली दाबत गुडघा सरळ करू लागावे. त्यामुळे डावे नितंब वर आणि मागे जाते, कंबर वळते, आणि वळण्यातून आलेला वेग धड, हात आणि क्लब या क्रमाने पुढे जातो. जस्टिन टॉमस, लेक्सी टॉमसन यांसारख्या खेळाडूंच्या टाचा ड्रायव्हर (सर्वांत लांब पल्ल्याचा क्लब) मारताना जमिनीवरून सुटतात त्या याच दाबामुळे. नवशिक्याने उडी मारण्याचा प्रयत्न अजिबात करू नये.

याच टप्प्यावर एक नवा दोष डोके वर काढतो. पाय सरळ करण्याच्या नादात कंबर मागे न जाता पुढे, चेंडूकडे जाते, हातांना जागा उरत नाही आणि चेंडू क्लबच्या मानेला लागून सरळ उजवीकडे उडतो. त्यावर भिंतीचा सराव उत्तम. नितंब भिंतीला जेमतेम टेकतील असे, भिंतीकडे पाठ करून वाकून उभे राहावे आणि हात छातीवर ठेवावेत. बॅकस्विंगमध्ये उजवे नितंब भिंतीला टेकलेले राहावे, परतताना डावे नितंब भिंतीवर यावे आणि उजवे सुटावे. मधल्या काळात दोन्ही सुटली, तर कंबर चेंडूकडे निघाली हे तत्काळ कळते. स्वयंपाकघरात चहा उकळेपर्यंत हा सराव होऊन जातो.

उजव्या पायाला या वेळी फारसे काही करायचे नसते. त्याचा गुडघा डाव्या गुडघ्याकडे जातो, बूट आतल्या कडेवर कलतो आणि टाच हळूहळू उचलली जाते. टाच चेंडूच्या दिशेने गर्रकन फिरत असेल, तर उजवा पाय शरीराला पुढे ढकलतो आहे. फटक्याच्या शेवटी उजवा बूट बोटांच्या टोकावर असावा, मागे उभ्या असलेल्या माणसाला त्याचा संपूर्ण तळ दिसावा आणि त्याच स्थितीत तीन सेकंद स्थिर राहता यावे. दक्षिण आफ्रिकेचा गॅरी प्लेअर फटका मारून झाल्यावर उजवे पाऊल टाकत लक्ष्याकडे चालू लागत असे. आपण तसे करून पाहावे. पाऊल सहज पडले तर वजन पोहोचले होते, मागे अडखळलो तर नाही.

चेंडूवर येताना

तिन्ही पायऱ्या जोडल्यावर पहिले काही दिवस फटके बिघडतात, आणि याची पूर्वकल्पना नसल्याने पुष्कळ जण नेमके तेव्हाच सराव सोडतात. वजन मागे राहत होते तोवर हातांनी क्लबचे तोंड झटकन बंद करण्याची सवय लागलेली असते. पाय वेळेवर चालू लागले की ती सवय अनावश्यक ठरते, पण लगेच जात नाही, म्हणून चेंडू डावीकडे वळतो. काहींच्या बाबतीत उलट होऊन तोंड उघडे राहते आणि चेंडू उजवीकडे जातो. या काळात ग्रिप, म्हणजे क्लबची पकड, बदलू नये, चेंडूची दिशा पाहू नये. फक्त मातीवरची खूण रेघेच्या डावीकडे सरकते आहे की नाही, एवढेच पाहावे. ती सरकू लागली की दिशेची दुरुस्ती नंतर करता येते. एका वेळी एकाच पायरीचा विचार ठेवावा आणि चेंडूच्या प्रत्येक फटक्याआधी दोन सावकाश रिकामे स्विंग करावेत. शंभर चेंडूंची बादली घाईने रिकामी केल्याने जुनीच सवय पक्की होते.

ड्रायव्हरसाठी वेळेचा क्रम तोच, पण दोन फरक आहेत. चेंडू डाव्या टाचेसमोर टीवर असतो आणि क्लब किंचित वर जाताना त्याला लागायला हवा असतो. म्हणून डाव्या पायावर दाब आला तरी डोके चेंडूच्या मागेच ठेवावे. रेघेची चाचणी ड्रायव्हरला लागू नाही.

डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे अंग आखडलेले असते, तेव्हा पहिले दहा मिनिटे क्लब न धरता कंबर, घोटे आणि पोटऱ्या मोकळ्या कराव्यात. उन्हाळ्यात साडेआठ-नऊनंतर सराव करू नये. थकलेले पाय आधी काम सोडतात आणि हात ते काम आपल्याकडे घेतात. पावसाळ्यात काळी माती बुटाखाली चिकटून जाड थर बसतो आणि खिळे निरुपयोगी होतात, मग डावा पाय दाबताच सरकतो. अशा दिवशी पायांमधील अंतर थोडे कमी ठेवावे, एक पायरी लांब पल्ल्याचा क्लब (सातऐवजी सहा नंबरचा) घेऊन तीन चतुर्थांश स्विंग करावा, आणि प्रत्येक फटक्यापूर्वी खिशातल्या टीने दोन्ही बुटांखालची माती खरवडून काढावी.